अघोषित अण्वस्त्रे आणि अक्षांश-रेखांशांची यादी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

पश्चिम आशियातील अण्वस्त्रांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडते. इस्रायलकडे बॉम्ब आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, मग त्याने ते जाहीर केले काय आणि न केले काय, सारखेच! हे मत मला पटत नाही. फरक पडतो आणि चांगलाच पडतो. तो पाहायचा तर क्षेपणास्त्रांच्या आकड्यांऐवजी मित्रदेशांचे कायदे, निरीक्षकांच्या नोंदी आणि वर्षानुवर्षे अडकून पडलेले करार उलगडावे लागतात. याच्या उलट, जोवर बॉम्बची कबुली नाही तोवर धोका कमी करण्याचे कोणतेच पाऊल टाकता येत नाही, असेही काहीजण म्हणतात. तेही भारत आणि पाकिस्तान यांच्या अनुभवावरून खोटे ठरते. या दोन मुद्द्यांसाठी हा पत्रप्रपंच.

आधी दिमोना. नेगेव वाळवंटातली ही अणुभट्टी फ्रान्सच्या मदतीने उभी राहिली. बांधकाम १९५० च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले. भट्टीला लागणारे २० टन जड पाणी नॉर्वेने १९५९ मध्ये विकले, तेही फक्त शांततेच्या कामासाठी वापरण्याच्या अटीवर. अमेरिकेला सुगावा लागल्यावर २१ डिसेंबर १९६० रोजी पंतप्रधान बेन-गुरियन यांनी संसदेत ही भट्टी शांततेच्या कामांसाठी असल्याचे सांगितले. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे त्यावर समाधान झाले नाही. १९६३ मध्ये त्यांनी आधी बेन-गुरियन आणि मग त्यांच्यानंतरचे पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांना धाडलेल्या पत्रांचा सूर जवळजवळ धमकीचा होता: नीट तपासणी झाली नाही तर अमेरिकेच्या पाठिंब्याला धक्का बसेल.

तपासणी झाली, पण ती कशी? तारीख यजमानांच्या सोयीची, मुक्काम फार तर दिवसभराचा, आणि काय दाखवायचे तेही यजमानांच्याच हाती. सप्टेंबर १९६२ मधली भेट तर सुमारे ४० मिनिटांत आटोपली. अणुभट्टीची तपासणी म्हणजे इमारतीतला फेरफटका नव्हे. इंधन कधी घातले, कधी काढले, वापरलेले इंधन कुठे गेले याच्या मूळ नोंदवह्या पाहाव्या लागतात. भिंती आणि यंत्रे पुसून नमुने घ्यावे लागतात. आणि मुख्य म्हणजे न सांगता पुन्हा येण्याचा हक्क लागतो. तो हक्क या पाहुण्यांना कधीच नव्हता. प्लुटोनियम वेगळे करणारा जमिनीखालचा कारखाना त्यांच्या नजरेस पडलाच नाही. तो जगाला दिसला ५ ऑक्टोबर १९८६ रोजी, तिथल्याच मोर्देकाय वानुनू या माजी तंत्रज्ञाने काढलेल्या छायाचित्रांच्या आधारे लंडनच्या ‘संडे टाइम्स’ने बातमी छापली तेव्हा. वानुनूंना त्यापायी १८ वर्षे तुरुंगात काढावी लागली, त्यातली ११ हून अधिक एकांतकोठडीत.

दरम्यान अमेरिकेच्या अपेक्षाच बदलल्या होत्या. नोव्हेंबर १९६८ मध्ये फँटम विमानांच्या सौद्यावरून राजदूत यित्झाक राबिन आणि अमेरिकी संरक्षण खात्याचे पॉल वॉर्नके यांची बोलणी झाली. ‘पश्चिम आशियात अण्वस्त्रे आणणारा पहिला देश आम्ही असणार नाही’ हे इस्रायलचे तोवरचे ठरलेले उत्तर. वॉर्नके यांनी त्याचा नेमका अर्थ विचारला. राबिन यांची भूमिका अशी, की ज्याची चाचणी झाली नाही आणि जे जाहीरही झाले नाही, ते शस्त्र हिशेबात धरू नये. वॉर्नके म्हणत होते, शस्त्र जवळ असणे एवढेच पुरे आहे. पुढच्या जुलैत राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी अध्यक्ष निक्सन यांच्यासाठी केलेले टिपण आता खुले झाले आहे. त्याचा आशय असा, की शस्त्रे नसावीत हे उत्तमच, पण निदान ती असल्याची गोष्ट आंतरराष्ट्रीय पातळीवर उघडपणे प्रस्थापित होऊ नये, एवढे साधले तरी चालेल. २६ सप्टेंबर १९६९ रोजी निक्सन आणि इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांची भेट झाली. दोघांमधल्या बोलण्याची लेखी नोंद नाही. मात्र दिमोनाच्या भेटी त्या वर्षीपासून थांबल्या त्या कायमच्याच. इस्रायलने चाचणी करायची नाही, वाच्यता करायची नाही, आणि अमेरिकेने विचारायचे नाही, अशी ती समजूत.

म्हणजे या मौनाचा सौदा मुळात मित्राशी झाला आहे, शत्रूशी नव्हे. हे ध्यानात घेतले की पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

अमेरिकी काँग्रेसने १९७६ मध्ये सिमिंग्टन आणि १९७७ मध्ये ग्लेन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुरुस्त्या केल्या. देखरेखीबाहेर युरेनियम समृद्धीची सामग्री किंवा पुनर्प्रक्रियेचे (वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे करण्याचे) तंत्रज्ञान देणाऱ्या-घेणाऱ्या देशाची मदत त्यामुळे तोडावी लागते, आणि अणुस्फोट करणाऱ्या बिगर-अण्वस्त्रधारी देशाचीही. उद्या इस्रायलकडून उघड कबुली आली, तर ही कलमे कुठवर लागू होतात हा वाद दरवर्षी काँग्रेसच्या पटलावर येईल. २०१६ च्या समझोत्यानुसार दहा वर्षांत ३८ अब्ज डॉलरची लष्करी मदत ठरलेली आहे, त्यामुळे हा वाद दोन्ही राजधान्यांना नको आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २०१२ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी काढलेल्या गोपनीयतेच्या सूचनांत इस्रायलच्या संभाव्य अण्वस्त्रक्षमतेबद्दल काय बोलायचे नाही हेही ठरवून दिले आहे. दुसऱ्या देशाचे गुपित आपल्या नियमावलीत जपणारे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

हाच कायदा दुसऱ्या मित्राच्या बाबतीत कसा वाकला ते पाहण्याजोगे आहे. सिमिंग्टन दुरुस्तीखाली अध्यक्ष कार्टर यांनी एप्रिल १९७९ मध्ये पाकिस्तानची मदत तोडली. वर्षअखेरीस सोविएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि १९८१ मध्ये ३.२ अब्ज डॉलरची सहा वर्षांची मदत मंजूर झाली. १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने अट घातली, की पाकिस्तानकडे अणुस्फोटक साधन नाही असे अध्यक्षांनी दरवर्षी लेखी प्रमाणित करावे. १९८७ च्या मार्चमध्ये तर खुद्द पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया एका अमेरिकी साप्ताहिकाला सांगून मोकळे झाले, की पाकिस्तान हवा तेव्हा बॉम्ब बनवू शकतो. तरीही दाखला मिळत राहिला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटचा सोविएत सैनिक परतला, आणि ऑक्टोबर १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी दाखला देण्याचे नाकारले. पाकिस्तानने ज्यांच्यासाठी पैसे मोजले होते ती २८ एफ-१६ विमाने अमेरिकेतच अडकली. अखेर १९९८ च्या डिसेंबरात हा हिशेब मिटला तो काही रोख आणि काही मालाच्या रूपात, त्यात गहूही होता! त्या दाखल्यावरून बॉम्बची प्रगती कळत नव्हती, पाकिस्तानची गरज किती उरली आहे तेवढे कळत होते. अघोषित शस्त्र बाळगणाऱ्या देशाची मैत्री अशी दुसऱ्याच्या सोयीवर टांगलेली असते.

आता मौनाच्या बाजूचे सर्वांत वजनदार म्हणणे. शस्त्र जाहीर झाले की शेजारच्या राज्यकर्त्यांना आपल्या जनतेसमोर काही तरी करून दाखवावेच लागते. जाहीर नसेल तर दुर्लक्ष करण्याची सोय राहते. इजिप्तने १९७९ मध्ये इस्रायलशी शांतता करार केला, १९८१ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला मान्यताही दिली; दिमोनाचा उघड पुकारा झालेला असता तर सादात यांना हे कितपत जमले असते, याची शंकाच आहे. ६ सप्टेंबर २००७ रोजी इस्रायलने सीरियातील अल-किबर येथील बांधकाम चालू असलेली भट्टी उडवली आणि मार्च २०१८ पर्यंत अधिकृतपणे तोंड उघडले नाही. इस्रायल गप्प राहिल्यामुळे सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष असद यांनाही गप्प राहता आले, आणि दोन्ही बाजूंची विमाने धावपट्टीवरच राहिली. हे श्रेय मौनाला द्यायलाच हवे.

पण याच मौनाच्या जोरावर हल्ले थांबतात असे जे सांगितले जाते त्याला आधार फार थोडा आहे. १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने हल्ला केला, मर्यादित उद्दिष्ट ठेवून का होईना. १९९१ मध्ये इराकच्या सद्दाम यांनी सुमारे ४० स्कड क्षेपणास्त्रे डागली, त्यांतली काही दिमोनाच्या दिशेने. एप्रिल २०२४ मध्ये इराणने ३०० हून अधिक ड्रोन आणि क्षेपणास्त्रे सोडली, ऑक्टोबरमध्ये जवळपास २०० क्षेपणास्त्रे. बॉम्ब सर्वनाशाच्या क्षणासाठी राखून ठेवलेला आहे असे गृहीत धरले, तर त्याच्या अलीकडच्या प्रत्येक पायरीवर शत्रू निर्धास्त असतो. त्यात भर म्हणजे त्या अंतिम क्षणाचे निकष त्याला माहीत नसतात. भारताने ४ जानेवारी २००३ रोजी आपल्या अण्वस्त्र धोरणाची सूत्रे प्रसिद्ध केली: आधी वापर नाही, प्रत्युत्तर जबर, आदेश फक्त नागरी नेतृत्वाचा. त्या सूत्रांवर टीका करायला वाव आहे, पण निदान शत्रूच्या हाती वाचायला काहीतरी आहे. इस्रायलच्या बाबतीत असे पानभरही उपलब्ध नाही. मग अर्थ लावायचा कशावरून? नोव्हेंबर २०२३ मध्ये अमिहाई एलियाहू या मंत्र्याने गाझावर अणुबॉम्ब हाही एक पर्याय असल्याचे म्हटले. नेतन्याहू यांनी त्याला मंत्रिमंडळाच्या बैठकांतून दूर ठेवले. ज्या देशाने धोरणच लिहून जाहीर केलेले नाही, तिथे अशा बेताल वाक्यालाही शेजारच्या राजधान्यांत धोरणाचे वजन येते.

सर्वांत मोठे नुकसान होते ते मोजमापाचे, आणि याकडे आपल्या चर्चांत फार थोडे लक्ष जाते. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराच्या तिसऱ्या कलमानुसार बिगर-अण्वस्त्रधारी सदस्याला आपले सगळे अणुसाहित्य आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या देखरेखीखाली ठेवावे लागते. संस्थेचा हिशेब ग्रॅमचा असतो. ८ किलो प्लुटोनियम, किंवा अतिसमृद्ध युरेनियमातील २५ किलो युरेनियम-२३५, इतका माल निसटला तर ते ‘लक्षणीय’ धरले जाते, आणि न वापरलेल्या अशा मालाची खातरजमा साधारण महिन्याभराच्या आत होत राहावी असा दंडक आहे. इराण सदस्य असल्याने १३ जून २०२५ रोजी त्याच्याकडे ६० टक्के समृद्ध युरेनियम ४४०.९ किलो होते, असा दशांश चिन्हासह अंदाज संस्था देऊ शकली. इस्रायल करारात नाही. तो संस्थेचा सदस्य आहे, सोरेकची छोटी अमेरिकी भट्टी देखरेखीखाली आहे, पण दिमोना नाही. तिथल्या प्लुटोनियमबद्दल संस्थेकडे शून्य नोंद आहे. सिप्री या स्टॉकहोममधील शांतता संशोधन संस्थेसारख्या संस्था सुमारे ९० अण्वस्त्रांचा अंदाज देतात, तो बाहेरून बांधलेला.

एकाच प्रदेशात एका देशाचा दशांशापर्यंत हिशेब आणि दुसऱ्याचा कोरा कागद, असे पन्नास वर्षे चालले की पहिल्या देशातील कडव्या गटांना आयते हत्यार मिळते. इराणने नातांझचे समृद्धी केंद्र लपवले, ते २००२ मध्ये उघड झाले; फोर्डोचे २००९ मध्ये. आपल्याच सहीने स्वीकारलेली बंधने त्याने मोडली, आणि दिमोनाकडे बोट दाखवून ती जबाबदारी झटकता येत नाही. पण जून २०२५ मध्ये देखरेखीखालच्या केंद्रांवर देखरेखीबाहेरच्या देशाने बॉम्ब टाकले, पाठोपाठ २२ जूनला अमेरिकेनेही, आणि जुलैच्या सुरुवातीला तेहरानने संस्थेशी सहकार्य थांबवणारा कायदा लागू केला. निरीक्षक गेले की साठ्याच्या नोंदींची साखळी तुटते. पुन्हा आले तरी मधल्या काळात माल कुठे होता हे नव्याने जुळवत बसावे लागते. म्हणजे जो एकमेव हिशेब चालू होता तोही बंद पडला. याआधी, १९८१ मध्ये इस्रायलने इराकच्या ओसिराक अणुभट्टीवर केलेल्या हल्ल्यानंतर, सुरक्षा परिषदेच्या ४८७ व्या ठरावाने इस्रायलला आपली केंद्रे देखरेखीखाली आणण्याचे आवाहन केले होते. ठराव एकमताने झाला, अमेरिकेचेही मत त्यात होते. पुढे काहीच झाले नाही.

इतर करारांनाही याची झळ बसली आहे. १९९५ मध्ये अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला बेमुदत वाढ मिळाली ती अरब देशांनी पश्चिम आशिया अण्वस्त्रमुक्त करण्याच्या ठरावाच्या बदल्यात मान डोलावल्यामुळे. २०१० च्या आढावा परिषदेने त्यासाठी २०१२ मध्ये खास परिषद भरवण्याचे ठरवले. ती भरलीच नाही. इजिप्तच्या शिष्टमंडळाने २०१३ मध्ये जिनिव्हातल्या बैठकीतून सभात्याग केला. २०१५ ची आढावा परिषद याच मुद्द्यावर निष्फळ ठरली: अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मसुद्याला हरकत घेतली. २०१९ पासून संयुक्त राष्ट्रांत या विषयावर अधिवेशने भरतात; इस्रायल आणि अमेरिका येत नाहीत. इजिप्तने रासायनिक शस्त्रबंदी करारावर आजतागायत सही केलेली नाही, कारण पुढे केले जाते दिमोनाचे. एका अघोषित साठ्यामुळे दुसऱ्याच प्रकारच्या संहारक शस्त्रांवरची बंदी अपुरी राहते, हा परिणाम कोणत्याही अण्वस्त्रांच्या तक्त्यात दिसत नाही.

युतींचे म्हणाल, तर हे गुपित संसर्गजन्य आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये इस्रायलने दोहावर हल्ला केला. कतारमध्ये अमेरिकेचा मोठा तळ आहे, तरीही हा हल्ला झाला. त्यानंतर आठच दिवसांनी, १७ सप्टेंबरला, रियाधमध्ये सौदी अरेबिया आणि पाकिस्तान यांनी परस्पर संरक्षण करारावर सह्या केल्या: एकावरचा हल्ला तो दोघांवरचा. बोलणी आधीपासून चालू असणार, इतका मोठा करार आठवड्यात होत नाही, पण मुहूर्त बोलका होता. त्यात पाकिस्तानची अण्वस्त्रे येतात का? पाकिस्तानच्या संरक्षणमंत्र्यांनी आधी सूचक होकार भरला, मग अण्वस्त्रांचा विषयच नाही असे सांगितले. बॉम्ब जाहीर, पण त्याची छत्री अघोषित, असा हा नवा प्रकार. दिल्लीतील नियोजकांना आता संकटकाळी आणखी एका राजधानीचा अंदाज बांधावा लागेल. आणि सौदीने देखरेखीचा सवलतीचा मसुदा २०२४ च्या अखेरीस सोडून पूर्ण तपासणी मान्य केली होती, त्या चांगल्या पावलाची चर्चा या धुरळ्यात हरवून गेली.

मोठ्या लोकशाही युतीही यातून सुटलेल्या नाहीत, हे जाता जाता. जहाजावर अण्वस्त्र आहे की नाही हे अमेरिका ना सांगत असे ना नाकारत असे. न्यूझीलंडने १९८५ मध्ये ‘ब्युकॅनन’ या युद्धनौकेला बंदरात येऊ दिले नाही आणि पुढच्या वर्षी अमेरिकेने त्याच्याबाबतचे संरक्षणाचे वचन स्थगित केले. डेन्मार्कने आपल्या भूमीवर अण्वस्त्रे नकोत असे जाहीर केले होते, तर जानेवारी १९६८ मध्ये ग्रीनलंडमधील थुले तळाजवळ चार हायड्रोजन बॉम्ब घेऊन जाणारे बी-५२ कोसळले. डेन्मार्कच्या पंतप्रधानांनी १९५७ मध्येच अमेरिकेला मूक संमती दिली होती, हे डॅनिश जनतेला कळले १९९५ मध्ये. युरोपातल्या तळांवरील अमेरिकी बॉम्बविषयी यजमान सरकारे आजही तोंड उघडत नाहीत.

अघोषित बॉम्बचा पूर्ण जमाखर्च मांडलेला देश एकच, दक्षिण आफ्रिका. त्यांची आखणी तीन टप्प्यांची होती. पहिल्यात संदिग्धता. संकट वाढले तर दुसऱ्यात पाश्चात्त्य सरकारांच्या कानात सांगायचे. तेही पुरेना झाले तर तिसऱ्यात जाहीर करायचे किंवा उघड चाचणी घ्यायची. या योजनेचे लक्ष्य अंगोलातले क्युबन सैनिक कमी आणि वॉशिंग्टन जास्त होते: बॉम्बच्या भीतीने तरी अमेरिकेने मदतीला धावून यावे. प्रत्यक्षात घडले उलटे. ऑगस्ट १९७७ मध्ये कालाहारीतील चाचणीची विवरे सोविएत उपग्रहाने टिपली, मॉस्कोने वॉशिंग्टनला कळवले आणि दोघांनीही दबाव आणला. त्याच वर्षी ४ नोव्हेंबरला वर्णद्वेषी धोरणांमुळे सुरक्षा परिषदेची सक्तीची शस्त्रबंदीही आली. २२ सप्टेंबर १९७९ रोजी अणुस्फोट टिपण्यासाठी सोडलेल्या अमेरिकेच्या वेला उपग्रहाने दक्षिणेकडील महासागरावर दुहेरी झळाळ टिपली. हवेतल्या अणुस्फोटात प्रकाशाला अशी दोन शिखरे येतात, कारण आघातलहर मध्येच अपारदर्शक होऊन अग्निगोल झाकते आणि मग पुन्हा उघडा करते. व्हाइट हाऊसने नेमलेल्या समितीने बहुधा अणुस्फोट नसावा असे म्हटले. अमेरिकेच्याच अनेक शास्त्रज्ञांना आणि गुप्तचरांना ते पटले नाही. दक्षिण आफ्रिका आणि इस्रायल दोघेही १९६३ च्या अंशतः चाचणीबंदी कराराचे सदस्य होते. स्फोट मान्य करणे म्हणजे करारभंगावर कारवाई करणे, आणि कार्टर यांना ते परवडणारे नव्हते.

प्रिटोरियाने सहा बॉम्ब पूर्ण केले होते, सातवा अर्धवट. ते मोडीत काढून १० जुलै १९९१ रोजी देश करारात आला, आणि अध्यक्ष द क्लार्क यांनी संसदेत कबुली दिली ती २४ मार्च १९९३ रोजी. मधल्या काळात निरीक्षकांना समृद्धी कारखान्याच्या जुन्या कामकाजाच्या नोंदी चाळून उत्पादन आणि साठा यांचा मेळ घालावा लागला. कार्यक्रमाचे बरेच तांत्रिक कागद आधीच नष्ट केलेले, त्यामुळे काम दुप्पट. १९९३ मध्ये कालाहारीची विवरे त्यांच्या देखत काँक्रीटने बुजवली गेली. अघोषित साठा गुंडाळायचा तर शस्त्रे मोडण्यापेक्षा जुना हिशेब पटवणे जड जाते, आणि मौन जितके लांबते तितके ते जास्त जड होत जाते. दिमोनाची भट्टी साठ वर्षांहून अधिक जुनी आहे.

आता भारत आणि पाकिस्तान. ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या भेटीत इस्लामाबादला एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्या दिवशी दोघांपैकी कोणाचाही बॉम्ब जाहीर नव्हता. आपण १९७४ च्या पोखरण स्फोटाला शांततेचा प्रयोग म्हणत होतो, पाकिस्तान सगळेच नाकारत होता. तरीही करार झाला, कारण मसुद्याने बॉम्बचा प्रश्नच विचारला नाही. विचारले ते एवढेच: अणुभट्ट्या, इंधननिर्मिती, समृद्धी आणि पुनर्प्रक्रियेचे कारखाने, तसेच किरणोत्सारी पदार्थांचा मोठा साठा असलेली ठिकाणे कुठे आहेत. दरवर्षी १ जानेवारीला त्यांचे अक्षांश आणि रेखांश कळवायचे, मध्ये बदल झाला तर तोही. तिथे काय चालते हे सांगण्याचे बंधन नाही. मान्यतेला दोन वर्षे लागली, २७ जानेवारी १९९१ ला अंमल सुरू झाला आणि पहिल्या याद्या १ जानेवारी १९९२ ला दिल्या-घेतल्या गेल्या. काही केंद्रे गाळल्याची कुरबूर दोन्हीकडून झाली, ती होणारच. पण त्यानंतर कारगिल झाले, संसदेवरचा हल्ला झाला, पुलवामा आणि बालाकोट झाले, तरी याद्यांचा क्रम चुकला नाही. मे १९९८ च्या चाचण्यांनंतरही मसुद्यात अक्षराचा बदल करावा लागला नाही.

पश्चिम आशियात याची गरज तिथल्या नकाशावरून कळते. संयुक्त अरब अमिरातीत बराका येथे चार भट्ट्या आहेत, इराणमध्ये बुशेहर येथे भट्टी आहे, तर इजिप्तमध्ये अल-दाबा आणि तुर्कस्तानात अक्कुयू येथे बांधकाम चालू आहे. २२ एप्रिल २०२१ रोजी सीरियातून इस्रायली विमानावर सोडलेले क्षेपणास्त्र भरकटत दिमोनापासून साधारण ३० किलोमीटरवर येऊन पडले. ते हेतुपुरस्सर नव्हते, तरी नेम नसलेल्या क्षेपणास्त्रालाही तिथवर पोचता येते हे सिद्ध झाले.

दिमोना बंद करणे हे दुसरे शक्य पाऊल, आणि त्याचीही कबुलीशिवाय पडताळणी होऊ शकते. भट्टी चालू असली की शीतकरण मनोऱ्यांतून वाफ निघते, उष्णता उपग्रहावरील अवरक्त कॅमेऱ्यात दिसते. पुनर्प्रक्रिया चालू असेल तर क्रिप्टॉन-८५ हा वायू हवेत सुटतो आणि कुंपणाबाहेरच्या नमुन्यातही सापडू शकतो. इमारतीत पाऊल न टाकता पुढचे उत्पादन थांबल्याची बऱ्यापैकी खात्री करता येते. जुन्या साठ्याबद्दल मात्र यातून काहीच कळणार नाही.

सर्वंकष चाचणीबंदी कराराचे तिसरे पाऊल ऐकायला सोपे आहे. इस्रायल, इजिप्त आणि इराण, तिघांनीही १९९६ मध्ये सह्या केल्या, तिघांचीही मान्यता बाकी आहे आणि तिघांशिवाय करार अमलात येऊ शकत नाही. इस्रायलची एलात आणि मेरॉन येथील भूकंपमापन केंद्रे या कराराच्या जागतिक जाळ्यात आहेतच. अडते ते दोन ठिकाणी. पहिले, जागेवर तपासणीसाठी ५१ सदस्यांच्या कार्यकारी मंडळात ३० मते पुरतात, आणि त्या बळावर दिमोनाच्या आसपास उगाच तपासण्या मागितल्या जातील ही इस्रायलची भीती. दुसरे, ज्या प्रादेशिक गटातून इस्रायलला त्या मंडळावर जागा मिळायची, त्याच गटात इराण आहे. गटच बसत नाही, तर जागा कुठून मिळणार?

म्हणून याद्यांचे पाऊल मला सर्वांत करण्याजोगे वाटते. अडचण उघड आहे: तेहरान इस्रायलला मान्यता देत नाही, तेव्हा एकमेकांच्या हाती कागद देणे शक्य नाही. त्यावर तोड अशी, की प्रत्येकाने आपली यादी एका त्रयस्थाकडे जमा करावी आणि त्याने ती इतरांना पोचवावी. अमेरिका आणि इराण यांच्यातील २०२५ च्या बोलण्यांत ओमानने निरोप्याचे काम केलेच होते, तेव्हा कागद मस्कतला ठेवले तरी हरकत नसावी. यादीत काय सुटले यावरून पहिल्या वर्षी तंटे होतील, दिल्ली आणि इस्लामाबादमध्येही झाले होते. दिमोना, बुशेहर आणि बराका एवढी तीनच नावे आणि त्यांचे अक्षांश-रेखांश पहिल्या १ जानेवारीला जमा झाले, तरी पुरे.

कळावे,

आपला,
एक वाचक